डार्टमध्ये बिग ब्लॉक: ३८३, ४०० की ४४०?

प्रश्न असा आहे: १९७० ची डॉज डार्ट स्विंगर, दोन दारी. मूळ २२५ स्लँट सिक्स (तिरपं बसवलेलं सहा सिलिंडरचं) इंजिन, ९०४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, साधं स्टिअरिंग, चारही चाकांना ड्रम ब्रेक. गाडी ओहायोत आहे, पत्रा शाबूत आहे. तिच्यात क्रायस्लरचं (म्हणजे डॉजच्या मूळ कंपनीचं) बिग ब्लॉक, मोठ्या आकाराचं व्ही-८ इंजिन, बसवायचं आहे. गाडी मुख्यतः रस्त्यावर चालेल, वर्षातून दोन-चार वेळा ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ रेषेतल्या शर्यतीच्या ट्रॅकवर) जाईल. ३८३, ४०० आणि ४४० (हे आकडे म्हणजे इंजिनाचे क्युबिक इंच) अशी तिन्ही जुनी इंजिनं आसपास विकाऊ आहेत. कुठलं घ्यावं?

थेट सांगायचं तर ४०० घ्या. चांगलं ४०० मिळालं नाही तर ३८३. ४४० तेव्हाच घ्या, जेव्हा ते पूर्ण, चालू स्थितीत आणि सगळ्या सुट्या भागांसकट समोर उभं असेल. आणि तिन्हीपैकी कशालाही हात लावण्याआधी मागचा अ‍ॅक्सल आणि पुढचे ब्रेक यांचे पैसे वेगळे काढून ठेवा. तेवढे उरत नसतील तर इंजिन अजून घ्यायचं नाही.

आता कारणं. डार्टच्या या बांधणीला क्रायस्लरमध्ये ए-बॉडी म्हणतात. डस्टर, व्हॅलियंट आणि १९६९ पर्यंतची बॅराकुडा ही तिचीच भावंडं. (मुंबईकरांना डॉज म्हटलं की कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात जोडलेल्या जुन्या गाड्या आठवतात. त्यांचा आणि या डार्टचा संबंध नावापुरताच.) १९६७ साली ए-बॉडी नव्याने आखली, तेव्हा इंजिनाची जागा रुंद झाली आणि त्याच वर्षी डार्ट जीटीएस आणि बॅराकुडात ३८३ बसलं. पण बसलं म्हणजे कोंबलं. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इतके आखूड आणि चेपलेले करावे लागले की मोठ्या गाड्यांत ३२५ अश्वशक्तीचं सांगितलं जाणारं ३८३ डार्टमध्ये २८० वर आलं. १९६८ मध्ये तो आकडा ३०० झाला, १९६९ मध्ये ३३०. १९६९ मध्येच ४४० ही दिलं, ३७५ अश्वशक्तीचं. पण त्याच्यासोबत फक्त ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मिळे. पॉवर स्टिअरिंग नाही, पॉवर ब्रेक नाहीत. ज्यांनी ही गाडी आखली त्यांनाच हे भाग ४४० शेजारी मावेनात. तुमच्या १९७० च्या वर्षी तर डार्टमध्ये बिग ब्लॉक मिळतच नव्हतं, ३४० स्मॉल ब्लॉक (लहान आकाराचं व्ही-८) हेच सगळ्यात वरचं इंजिन होतं. मात्र बॉडीचा सांगाडा तोच आहे. १९६७ ते ६९ मध्ये जे बसलं ते तुमच्या गाडीतही बसतं.

म्हणून या गाडीत इंजिन निवडताना अश्वशक्तीच्या आधी इंचांचा हिशेब करायचा.

क्रायस्लरच्या वेज (पाचरीच्या आकाराच्या ज्वलनकक्षाच्या) बिग ब्लॉकचे दोन प्रकार आहेत. ३६१, ३८३ आणि ४०० हे बी, म्हणजे कमी डेकचे. ४१३, ४२६ वेज आणि ४४० हे आरबी, म्हणजे उंच डेकचे. डेक हाइट म्हणजे क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) मध्यापासून सिलिंडर हेड जिथे टेकतं त्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर. बीमध्ये ते ९.९८० इंच, आरबीमध्ये १०.७२५ इंच. फरक ०.७४५ इंच. ऐकायला पाऊण इंचसुद्धा नाही. पण व्ही-८ च्या दोन्ही बाजू ४५ अंशांत कललेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक हेड साधारण ०.५३ इंच बाहेर आणि तेवढंच वर सरकतं. दोन्ही बाजू धरून ४४० हे ४०० पेक्षा इंचभराहून थोडं जास्त रुंद होतं. डाव्या बाजूला स्टिअरिंग कॉलम, स्टिअरिंग बॉक्स, टॉर्शन बार (पुढच्या सस्पेन्शनची पिळली जाणारी स्प्रिंग-दांडी) आणि ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकमेकांना खेटून बसलेले असतात. तिथे तो अर्धा इंच म्हणजे स्पार्क प्लग हाताने निघणं आणि त्यासाठी हेडर (एक्झॉस्टच्या नळ्यांचा जुडगा) सोडवावा लागणं एवढा फरक आहे. बॉनेटखालीही तेच. आरबीवर उंच इनटेक मॅनिफोल्ड आणि एअर क्लीनर चढवला की सपाट बॉनेट टेकायला लागतं.

मोजमापं एकदा नीट समोर ठेवू. ३८३ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ४.२५ इंच, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ३.३७५. ४०० चा बोअर ४.३४२, स्ट्रोक तोच ३.३७५. ४४० चा बोअर ४.३२, स्ट्रोक ३.७५. म्हणजे या तिघांत सगळ्यात मोठा बोअर ४०० चा आहे, आणि तोही अरुंद ब्लॉकमध्ये. मोठ्या बोअरमुळे व्हॉल्व्ह भिंतीपासून लांब राहतात, हेड मोकळा श्वास घेतं, आणि स्ट्रोक वाढवायचा झाला तर दर इंचामागे जास्त क्युबिक इंच पदरात पडतात. बी आणि आरबी दोन्हींना हेड एकच चालतात. इनटेक मॅनिफोल्ड, पुशरॉड आणि डिस्ट्रिब्युटर मात्र वेगवेगळे. विक्रेता "बिग ब्लॉकचा इनटेक" म्हणून काहीतरी सोबत देत असेल तर तो कुठल्या डेकचा आहे हे आधी पाहा. चुकीच्या डेकचा असेल तर तो खपवायला दुसरं गिऱ्हाईक शोधावं लागेल.

४०० हे इंजिन १९७२ ते १९७८ या काळातलं. मोठ्या, जड प्रवासी गाड्यांत कमी कॉम्प्रेशनचं, थकलेलं इंजिन म्हणून त्याची ओळख राहिली. त्यामुळे शौकीन लोक ४४० च्या मागे लागतात आणि ४०० तुलनेने स्वस्तात सुटतं. जुन्यांपैकी ३६१४२३० हा कास्टिंग नंबर असलेला ब्लॉक जास्त मागणीत आहे. बोलताना त्याला २३० ब्लॉक म्हणतात. नंबर ब्लॉकच्या डाव्या अंगावर उठावात असतो. तेलकट थर खरवडून वायर ब्रशने घासा, मग वाचता येतो. तिथे २५३६४३० दिसला तर तो ४४० आहे, २४६८१३० दिसला तर ३८३. विक्रेत्याच्या शब्दापेक्षा या आकड्यांवर विश्वास ठेवा, कारण बाहेरून रंगवलेलं ३८३ आणि ४०० सहज ओळखू येत नाही.

आता ४०० ची खरी खाच: क्रँक. ३८३ चा क्रँक फोर्ज्ड, म्हणजे ठोकून घडवलेला, असतो. ४०० मध्ये आणि उत्तरार्धातल्या ४४० मध्ये कास्ट, म्हणजे ओतीव, क्रँकही आले. कास्ट क्रँक वाईट नाही. साध्या रस्त्यावरच्या इंजिनाला पुरतो. अडचण बॅलन्सची आहे. कास्ट क्रँकचं इंजिन बाहेरून बॅलन्स केलेलं असतं. म्हणजे पुढच्या डँपरवर आणि मागे टॉर्क कन्व्हर्टरवर मुद्दाम वजन ठेवलेलं असतं. चेंबर, म्हणजे ऑइल पॅन, उघडून क्रँकच्या काउंटरवेटची कड बोटाने चाचपा. साच्याची रेघ सुतळीसारखी बारीक आणि धारदार लागली तर कास्ट. अर्धा इंचाच्या आसपास रुंद, घासून सपाट केल्यासारखी पट्टी लागली तर फोर्ज्ड. कास्ट क्रँकला साधा कन्व्हर्टर लावला तर इंजिन एका ठरावीक फेऱ्यांपासून पुढे थरथरू लागतं. लोक माउंट बदलतात, प्रोपेलर शाफ्ट बदलतात, आणि शेवटी मेन बेअरिंग आणि गिअरबॉक्सचा पुढचा पंप खराब होतात. उपाय सोपा आहे: वजन असलेला फ्लेक्सप्लेट (क्रँक आणि कन्व्हर्टर जोडणारी तबकडी) घ्या किंवा कन्व्हर्टरवर योग्य वजनं वेल्ड करून घ्या. पण दोन्ही एकदम नको, नाहीतर बॅलन्स उलट्या बाजूला जातो.

दुसरी खाच कॉम्प्रेशनची. ४०० चं मूळ प्रमाण ८.२ ला १ असं धरलं जातं. अनेक जण अ‍ॅल्युमिनियम हेड घेतात आणि कॉम्प्रेशन आपोआप वाढेल असं समजतात. गणित करून बघा. ४०० च्या एका सिलिंडरचं आकारमान सुमारे ८१९ सीसी. ८.२ प्रमाण म्हणजे पिस्टन वर आल्यावर वर उरलेली जागा सुमारे ११४ सीसी. मूळ उघड्या चेंबरचं (इथे चेंबर म्हणजे हेडमधली ज्वलनाची पोकळी) हेड ८८ सीसीचं धरलं आणि त्याजागी ८४ सीसीचं अ‍ॅल्युमिनियम हेड लावलं तर चार सीसी वाचले. पण मूळ गॅस्केट पातळ पोलादी पत्र्याचं, २० थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास. अ‍ॅल्युमिनियम हेडला ते चालत नाही, ३९ थाऊचं कंपोझिट गॅस्केट लावावं लागतं, आणि त्यात पावणेपाच सीसी परत जातात. एवढा खर्च करून कॉम्प्रेशन होतं तिथेच, किंबहुना केसभर कमी. तेच हेड ७५ सीसी चेंबरचं घेतलं तर हिशेब सुमारे ८.७५ वर जातो. म्हणजे मूळ पिस्टन ठेवायचे असतील तर ७५ सीसीचं हेड, पिस्टन बदलणार असाल तर ८४ चालेल. हा निर्णय हेड विकत घेण्याआधी व्हायला हवा.

बजेट असेल तर ४०० चं ४५१ करा. याच्याइतका या गाडीला शोभणारा दुसरा जोड नाही. कल्पना जुनी आहे: ४४० चा ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक ४०० च्या ब्लॉकमध्ये घालायचा. ४४० चे मेन जर्नल २.७५ इंचांचे आणि ४०० चे २.६२५ इंचांचे, म्हणून ते १२५ थाऊ ग्राइंड करावे लागतात आणि काउंटरवेट लेथवर सव्वासात इंचांच्या आसपास व्यासापर्यंत उतरवावे लागतात. आता तयार क्रँक, रॉड आणि पिस्टनचे संच मिळतात, त्यामुळे जुना क्रँक कातण्यापेक्षा बहुतेक वेळा संचच परवडतो. बोअर ३३ थाऊ वाढवून ४.३७५ केला की ४५१ क्युबिक इंच होतात.

यातली गंमत पिस्टनमध्ये आहे. ४४० चा रॉड ६.७६८ इंच लांब. ४०० च्या ९.९८० डेकमधून अर्धा स्ट्रोक, म्हणजे १.८७५, आणि रॉड वजा केला की पिस्टनच्या पिनपासून माथ्यापर्यंत फक्त १.३३७ इंच उरतात. तेच मूळ ४४० मध्ये २ इंचांहून जास्त असतात. पिस्टन लहान, म्हणून हलका. ४४० पेक्षा जास्त क्युबिक इंच, वर फिरणारं वजन कमी, आणि बाहेरून रुंदी ३८३ एवढीच.

४५१ चं कॉम्प्रेशनही मांडून ठेवतो. एका सिलिंडरचे ९२४ सीसी. चेंबर ८४, गॅस्केट पावणेदहा, पिस्टनच्या माथ्यावरच्या खाचा ५, आणि पिस्टन डेकला बरोबर सपाट. एकूण ९९ च्या आत. प्रमाण १०.३ च्या आसपास येतं. अ‍ॅल्युमिनियम हेड आणि पंपावरचं ९१ ते ९३ ऑक्टेन पेट्रोल असेल तर हे रस्त्यावर चालतं. जुनं ९०६ (हाही कास्टिंग नंबरच) लोखंडी हेड त्यावर चढवलं तर कागदावर १० भरतं, पण लोखंडी हेड उष्णता धरून ठेवतं आणि उघड्या चेंबरमध्ये मिश्रण नीट दाबलं जात नाही. तिथे साडेनऊच्या वर जाऊ नका, नाहीतर चढावर इंजिन ठोकायला लागेल. लोखंडीच वापरायचं असेल तर १९७५ ते ७८ मधलं ४५२ हेड बघा. त्याच्या एक्झॉस्ट सीट कठीण केलेल्या आहेत, शिसं नसलेल्या पेट्रोलला टिकतात. ९०६ मध्ये तशा सीट बसवून घ्याव्या लागतात.

ब्लॉक घेतल्यावर बोअरिंगला देण्याआधी सोनिक टेस्ट (ध्वनिलहरींनी तपासणी) करून प्रत्येक सिलिंडरच्या भिंतीची जाडी बघा. ओतकाम करताना गाभा सरकलेला असेल तर एका बाजूची भिंत पातळ निघते. ३० थाऊपर्यंत सहसा हरकत नसते, त्याहून पुढे टेस्टशिवाय जाऊ नये.

वजनाबद्दल बरेच गैरसमज आहेत. २२५ स्लँट सिक्स साधारण २१५ किलो, ४०० सुमारे २८०, ४४० सुमारे ३००. अ‍ॅल्युमिनियमचे हेड आणि इनटेक लावले की जवळपास ३५ किलो उतरतात, म्हणजे ४०० हे लोखंडी ३४० स्मॉल ब्लॉकच्या अगदी जवळ येतं. हा खर्च फक्त शक्तीसाठी नाही, गाडी वळणावर नाक खाली खुपसू नये यासाठीही आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर निव्वळ वेग हवा असेल, तर ३६० स्मॉल ब्लॉकचा ४ इंच स्ट्रोक करून ४०८ बनवणं जास्त सोपं पडतं. प्लग निघतात, हेडर स्वस्त मिळतात. पण ज्याला बिग ब्लॉकच हवं त्याला ४०८ ने समाधान होत नाही हेही खरं, आणि प्रश्न बिग ब्लॉकचा आहे.

आता बसवणं. स्लँट सिक्सचं के-मेंबर (इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन धरणारी आडवी चौकट) बिग ब्लॉकला चालत नाही. पर्याय दोन. पहिला, व्ही-८ चं ए-बॉडी के-मेंबर शोधा आणि त्यावर बिग ब्लॉक बसवण्याचे तयार माउंट लावा. शूमाकरसारख्या कंपन्यांनी ते अनेक वर्षं बनवले आहेत. दुसरा, पूर्ण नळीचं आफ्टरमार्केट के-मेंबर आणि कॉइलओव्हर. जागा भरपूर मिळते, पण खर्च दुप्पट-तिप्पट होतो आणि पुढच्या सस्पेन्शनचा सगळा भार मग वेगळ्या जागी पडतो. रस्त्यावरच्या गाडीला पहिला पुरे. जुनं के-मेंबर घेतलं तर स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवतीचे वेल्ड तपासा. तिथे केसासारख्या भेगा असतात. रंग काढून वेल्ड पुन्हा भरून घ्या.

इंजिन गाडीच्या मधोमध बसत नाही, कारखान्यानेच ते उजवीकडे सरकवलेलं आहे, डावीकडे स्टिअरिंगला जागा मिळावी म्हणून. माउंट लावताना "मधोमध आणू" असा मोह होतो, तो टाळा. चालत्या इंजिनाचा डावा भाग जोर दिला की वर उचलला जातो, म्हणून डाव्या माउंटचं रबर आधी फाटतं. आतून लोखंडी अडसर असलेलं माउंट घ्या. हेडर आणि स्टिअरिंग कॉलममध्ये थंड इंजिनावर किमान करंगळी सरकेल एवढी फट हवी. कागद सरकतो एवढी ठेवली तर पहिल्याच जोराच्या सुरुवातीला नळी कॉलमला ठोके देईल.

हेडर ए-बॉडी बिग ब्लॉकसाठीच बनवलेले घ्या, दुसऱ्या गाडीचे वाकवून बसत नाहीत. सोबत छोटा स्टार्टर लावा, ८० च्या दशकाच्या शेवटापासून डॉज ट्रकमध्ये येऊ लागला तसला. मूळ स्टार्टर नळ्यांत अडकतो आणि तापून गरम इंजिनावर फिरेनासा होतो. ऑइल पंप आणि फिल्टर या इंजिनाला बाहेर, पुढे डावीकडे असतात. फिल्टर आखूड घ्या आणि तो के-मेंबरला लागत नाही ना ते हाताने फिरवून पाहा. तेलाचा चेंबर ए-बॉडीच्या आकाराचा, आणि त्याच्याच जोडीचा पिकअप पाइप (तेल शोषून घेणारी नळी). चेंबर बदलून जुना पिकअप ठेवला तर त्याचं तोंड तळापासून लांब राहतं आणि ब्रेक मारताना तेलाचा दाब शून्यावर येतो. मातीचा गोळा पिकअपच्या तोंडावर ठेवून चेंबर तात्पुरता बसवा, काढा आणि माती मोजा. पाव ते तीन अष्टमांश इंच राहिली की बरोबर.

गिअरबॉक्सचं सांगायचं तर तुमचा ९०४ उतरवून ठेवा. स्लँट सिक्स, स्मॉल ब्लॉक आणि बिग ब्लॉक यांच्या मागच्या बोल्टांची मांडणी तीन वेगळ्या प्रकारची आहे. तुम्हाला बिग ब्लॉकचाच ७२७ लागेल. स्मॉल ब्लॉकवरचा ७२७ दिसायला तसाच, पण जुळत नाही. ७२७ च्या बाहेरच्या शाफ्टला ३० दाते, ९०४ ला २६, म्हणून प्रोपेलर शाफ्टचं पुढचं योकही बदलतं. शाफ्टची लांबी पुस्तकातून घेऊ नका. इंजिन, गिअरबॉक्स आणि अ‍ॅक्सल आपल्या जागी बसले, गाडी स्वतःच्या चाकांवर उभी राहिली, की मग मोजा आणि योक पाऊण ते एक इंच बाहेर राहील अशी लांबी कापून घ्या. चार गिअरचा, हाताने बदलायचा ए-८३३ लावायचा असेल तर क्रँकच्या मागच्या टोकाला पायलट बुशचं भोक पूर्ण पाडलेलं आहे का ते बघा. ऑटोमॅटिक गाड्यांतल्या क्रँकना ते पुष्कळदा नसतं.

मागचा अ‍ॅक्सल तुमच्या गाडीत ७¼ इंचाचा आहे. तो बिग ब्लॉकपुढे टिकणार नाही, यात "सांभाळून चालवू" वगैरे चालत नाही. ८¾ इंचाचा ए-बॉडी अ‍ॅक्सल शोधा. त्याचा मधला भाग पुढून निघतो आणि त्याच्यावर ७४१, ७४२ किंवा ४८९ यांपैकी नंबर असतो. ७४१ चा पिनियन शाफ्ट १⅜ इंच, ७४२ चा १¾, ४८९ चा १⅞. शेवटचे दोन जास्त भक्कम. तोही नाही मिळाला तर १९७३ नंतरच्या ए-बॉडीचा ८¼ अ‍ॅक्सल साध्या ४०० ला आणि साध्या टायरला चालून जाईल, पण स्ट्रिपवर चिकट टायर लावायचे असतील तर नको. अ‍ॅक्सलचं गिअर प्रमाण ३.२३ किंवा ३.५५ ठेवा. २६ इंची टायर आणि ३.५५ वर ताशी ६० मैलांना इंजिन सुमारे २७५० फेऱ्यांवर असतं, ३.२३ वर २५०० च्या आसपास. ३.९१ लावलं तर ७० मैलांना ३५०० ओलांडतात आणि हायवेवर कान किटतात. मोठ्या स्ट्रोकच्या इंजिनाला एवढ्या आखूड गिअरची गरजही नाही.

ब्रेकसाठी सगळ्यात सरळ उपाय म्हणजे १९७३ ते ७६ च्या ए-बॉडीचे डिस्क, स्पिंडलसकट. त्यांचा वरचा बॉल जॉइंट मोठा आहे, म्हणून वरचे कंट्रोल आर्मही त्याच गाडीचे लागतात. हे विसरलं की जोडणी अर्ध्यावर थांबते. चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ ४ ऐवजी ४½ इंच होतं, म्हणून मागचे अ‍ॅक्सल शाफ्टही ४½ चेच मागवा. पॉवर ब्रेकचा बूस्टर डाव्या व्हॉल्व्ह कव्हरला अडतो. १५/१६ इंच बोअरचा मास्टर सिलिंडर घेऊन ब्रेक साधेच ठेवा, पायाला सवय होते. स्टिअरिंगचा २४ ला १ चा बॉक्सही राहू द्या. १६ चा बॉक्स जलद आहे, पण या वजनाखाली पार्किंगमध्ये खांदे भरून येतात.

स्लँट सिक्सचे टॉर्शन बार ०.८३ इंचाच्या आसपास जाडीचे असतात. बारचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, त्यामुळे ०.९६ चा बार पावणेदोन पटींहून थोडा जास्त कडक आणि १.०३ चा सुमारे २.४ पट. रस्त्यासाठी ०.९६ उत्तम. स्ट्रिपसाठी मऊ बार चांगले म्हणून काही जण मूळचेच ठेवतात, पण बिग ब्लॉकखाली ते इतके दबतात की गाडी बंप स्टॉपवर बसून चालते आणि वळत नाही. डावा-उजवा बार अदलाबदल करू नका, टोकावर खूण असते.

थंड ठेवण्यासाठी ग्रिलमागे मावेल तेवढा रुंद, दोन जाड रांगांचा अ‍ॅल्युमिनियम रेडिएटर आणि पूर्ण झाकणारा श्राउड (पंख्याभोवतीचं आवरण). इलेक्ट्रिक पंखे लावणार असाल तर एक धोका ध्यानात घ्या. या गाड्यांत चार्जिंगचा सगळा करंट फायरवॉलच्या कनेक्टरमधून डॅशबोर्डवरच्या अ‍ॅमीटरपर्यंत जाऊन परत येतो. पन्नास वर्षांच्या त्या जोडावर पंख्यांचा भार टाकला की प्लास्टिक वितळतं. पंख्यांची वायर रिलेमार्फत, फ्यूज घालून, थेट अल्टरनेटरच्या टोकापासून घ्या. पेट्रोलची नळी टाकीपासून ३/८ इंचाची करा. कार्ब्युरेटर ७५० सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा), इनटेक दोन मजली (ड्युअल प्लेन) पण बुटका.

जोडायचं खालून. इंजिन, गिअरबॉक्स आणि के-मेंबर जमिनीवर एकत्र बांधा, हेडर सैल अडकवा आणि बॉडी त्यावर उतरवा. टॉर्शन बार आधी सैल करून काढलेले हवेत, स्टिअरिंगचा कपलर सोडलेला हवा. के-मेंबर चार मोठ्या बोल्टांनी बॉडीला धरलेलं असतं, त्यामुळे काम दिसतं तेवढं अवघड नाही. वरून क्रेनने घालायला गेलात तर हेडर नंतर जात नाहीत आणि फायरवॉलचा रंग जातो. घट्ट करताना मूळ बोल्टांसाठी हेड ७० फूट-पाउंड, मेन कॅप ८५, रॉड ४५. आफ्टरमार्केट बोल्ट असतील तर त्यांच्या कागदावरचा आकडा पाळा.

पहिल्यांदा सुरू करण्याआधी तेल चढवा. डिस्ट्रिब्युटर आणि मधला शाफ्ट काढून ५/१६ इंचाच्या षटकोनी दांड्याने ड्रिल लावून पंप फिरवायचा, आणि या इंजिनात तो घड्याळाच्या उलट दिशेने फिरतो. दाब दिसला तरी थांबू नका. व्हॉल्व्ह कव्हर उघडी ठेवा, क्रँक हाताने थोडा थोडा फिरवत राहा. रॉकरकडे जाणारं तेल कॅमच्या चौथ्या जर्नलमधून जातं आणि ते भोक ठरावीक स्थितीतच जुळतं. दोन्ही बाजूंच्या रॉकरवर तेल आलेलं डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

फायरिंग ऑर्डर १-८-४-३-६-५-७-२, पण रोटर घड्याळाच्या उलट फिरतो. स्मॉल ब्लॉकची सवय असलेला माणूस हमखास सुलट वायरी लावतो आणि मग कार्ब्युरेटरमधून भडका येतो. कॅम सपाट टॅपेटचा असेल तर इंजिन सुरू होताच २००० ते २५०० फेऱ्यांवर वीस मिनिटं ठेवा, मध्ये निष्क्रिय गतीवर येऊ देऊ नका. तेलात झिंक पुरेसं असलेलं ब्रेक-इन तेलच वापरा, कारण आजच्या प्रवासी गाड्यांच्या तेलात ते कमी असतं आणि कॅमच्या एक-दोन लोब त्या वीस मिनिटांतच गुळगुळीत होऊन जातात. नंतर इग्निशनचं टायमिंग एकूण ३४ ते ३६ अंश अ‍ॅल्युमिनियम हेडला, लोखंडी उघड्या चेंबरला ३६ ते ३८.

पहिल्या शंभर मैलांनंतर तेल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून कागद उलगडून पाहा. चकाकणारे कण बोटाला चिकटले आणि चुंबकाने ओढले गेले तर कॅम गेला, तिथेच थांबा. कण नसतील तर हेडरचे बोल्ट गार इंजिनावर पुन्हा आवळा, डाव्या माउंटचं रबर टॉर्चच्या उजेडात बघा, आणि स्टिअरिंग पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे वळवून सेंटर लिंक (स्टिअरिंगची आडवी दांडी) तेलाच्या चेंबरला कुठे घासत नाही ना ते खाली वाकून तपासा.